आतल्या खोलीतला बूस्टर

मोबाइल टॉवरची कामं करून करून आता जीव विटला आहे. रेंज गेली की शिव्या आम्हालाच. घरटी चार फोन झाले, प्रत्येकाला व्हिडिओ हवा, आणि लहरींचा पट्टा मात्र तेवढाच. तो काय आमच्या बापाचा आहे, की मागाल तसा वाढवून द्यावा?

संग्रामपूरकडच्या एका गावातून तक्रार आली, एका गल्लीत कुणाचाच फोन लागत नाही. मी मलकापूरहून गेलो आणि हातातला अँटेना फिरवत गल्ली पालथी घातली. जे वाटलं तेच निघालं. एका घराच्या पत्र्यावर बाजारातून आणलेला, विनापरवाना बूस्टर होता. हा डबा एका घरात रेंज आणतो, पण टॉवरच्या कानाशी इतका गोंगाट करतो की त्याला बाकी कुणाचं ऐकूच येत नाही.

घरात एक म्हातारी, एकटीच, खाटेवर पडून. मांडीचं हाड मोडलेलं. जाड मातीच्या भिंतींतून आतल्या खोलीत रेंज पोचत नव्हती, म्हणून भाच्यानं तो डबा बसवून दिलेला.

"लेक सुरतेले देली," ती म्हणाली. "सासरी तिले बोलाले कोनी नाही. रोज सांजच्याले फोन करते, रडून घेते माह्यापाशी."

मी कायदा सांगणार होतो, तो बाजूला ठेवला. मग म्हणालो, "मावशी, एकानं नळाले मोटर लावली का मांगच्यायले पानी भेटत नाही ना? तसंच आहे हे."

नळाच्या मोटरीवरून गावात डोकी फुटलेली तिनं पाहिली होती. "असं हाय का? मंग काढ बाप्पा. दुसऱ्याच्या वाटणीचं कायले?"

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बूस्टर उतरवला आणि गल्लीतले फोन वाजू लागले. शेजारी खूश. त्यांनीच तिची खाट उचलून ओट्यावर आणली, कारण तिथे रेंज चांगली होती. कुणीतरी चहा केला. चला, कुणाचंच अडलं नाही, असं म्हणून मीही टेकलो.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. पलीकडचं रडणं मलासुद्धा ऐकू आलं. म्हातारीनं शेजारणींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हो माय, मी बरी आहो," ती मोठ्यानं म्हणाली. "तूबी बरीच असशीन. ठेव मंग आता."