कडक आत्या आणि शेवटचं कडवं

आमच्या लाँड्रीतला रेडिओ दिवसभर चालू असतो, फक्त एका गाण्यापुरता तो बंद होतो. ते गाणं लागलं की आत्या दोन कडवी ऐकू देते. तिसऱ्याच्या आधी व्हायोलिन सुरू झालं, की तिचा हात इस्त्रीवरून उठून थेट रेडिओच्या बटणावर. एकदा या भानगडीत एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला, तरी आधी रेडिओच बंद झाला. गिऱ्हाइकं तिला कडक आत्या म्हणतात. ते इस्त्रीच्या घडीमुळे की जिभेमुळे, हे गल्ल्यावर बसून बसून मला अजून ठरवता आलेलं नाही.

बटणामागचं कारण मात्र घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणपणी आत्या कोरसमध्ये गायची. त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला सगळ्या जणी एकाच माइकभोवती उभ्या होत्या. व्हायोलिन पूर्ण थांबलं की संगीतकार हात वर करणार, मग कोरस, असं ठरलेलं. संगीतकारांनी हात वर केला खरा, पण तो घसरलेला चष्मा सावरायला! आत्या सगळ्यांत पुढे. तिने तोच इशारा धरला आणि सुरू झाली, आणि घाबरून बाकीच्याही तिच्या मागोमाग. व्हायोलिन अजून वाजतच होतं. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून तेच रेकॉर्डिंग बाजारात गेलं.

तिला कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण चोराच्या मनात चांदणं. तिने स्टुडिओच्या नावाने कानाला खडा लावला, हातात इस्त्री घेतली, आणि एवढं सुंदर गाणं आपण नासवलं, हे जन्मभर मनात धरून बसली.

आणि मग एका मखमली आवाजाच्या गायकाने जुन्या गाण्यांचा अल्बम काढला. पोरंटोरं वेडी झाली, त्यांत मीही आलेच. प्रत्येक गाण्याआधी तो त्याची जन्मकथा सांगायचा: हे बोटीवर सुचलं, ते आजारी बायकोच्या उशाशी बसून. आमच्या गाण्याबद्दल तो रेडिओवर म्हणाला, की इथे कोरस व्हायोलिनसाठी थांबतच नाही, ही संगीतकाराची खरी कमाल. मी जागच्या जागी उडालेच. आत्या कॉलरवर पाणी शिंपडत राहिली.

"कमाल कसली डोंबलाची," ती म्हणाली. "चष्मा सैल होता."

त्याचा कार्यक्रम आमच्याच गावात ठरला, आणि त्या दिवशी सकाळी त्याचा माणूस चुरगळलेला काळा कोट घेऊन आमच्या दारात! मला काउंटरवरून उडी मारून सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. आत्याने नुसते डोळे वटारले. मग ओला कपडा पसरून तिने त्या कोटाची एकेक बाही अशी सरळ केली, की तो माणूस खूश होऊन दोन पास ठेवून गेला. पण आत्या येणार नाही म्हणाली. घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

"तिथे बटण नाही, म्हणून घाबरतेस ना?" मी विचारलं.

तिने पुढचा शर्ट इस्त्रीला ओढला. संध्याकाळी मात्र माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती.

सभागृह खच्चून भरलं होतं. कोट झकास दिसत होता. एकामागून एक गाणी झाली आणि आमचं लागलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, व्हायोलिन. अंधारात आत्याचा हात उठला आणि बटण नाही म्हणून माझ्या मनगटावर येऊन घट्ट बसला. गायकाने माइक लोकांकडे वळवला, आणि व्हायोलिन संपायच्या आत अख्खं सभागृह गाण्यात शिरलं! म्हातारे, पोरं, दारावरचे रखवालदारसुद्धा. इथे थांबायचं होतं, हे त्यांतल्या कोणाच्या गावीही नव्हतं.

आत्या मात्र थांबली होती. व्हायोलिन पूर्ण संपलं, मग तिने सूर लावला. मुळात जिथे ठरलं होतं तिथे, सगळ्यांच्या मागून, एकटीने.

पुढच्या रांगेतली एक मुलगी हसत मागे वळली. "आजी, चुकलात," ती म्हणाली. "व्हायोलिन थांबायच्या आधी यायचं असतं."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही आवरेना.

गाणं संपलं तसा 'वन्स मोअर'चा एकच गलका उठला. गायकाने मान डोलावली, पुन्हा व्हायोलिन सुरू झालं. या वेळी आत्या कोणाच्या हाताकडे बघत बसली नाही. सभागृहाच्याही किंचित आधी तिचा आवाज निघाला, खणखणीत, आणि आमच्या रांगा तिच्या मागोमाग आल्या.

मुलगी पुन्हा वळली.

"आता बरोबर आलात, आजी."