जिनं बांधली तिनंच सोडायची

आमच्या गावात आघाडा कोणी लावत नाही आणि मुद्दाम कोणी उपटतही नाही. विहिरीच्या कडेला, मारुतीच्या देवळामागं, उकिरड्यावर, युसूफ वडगावकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो आपला उभा असतो. पोरं त्याचे तुरे एकमेकांच्या सदऱ्याला चिकटवतात आणि आया ती कुसळं काढता काढता शिव्या घालतात. अशा फुकट्या झाडाला भिवराबाईनं जेवढा मान दिला, तेवढा तिनं सख्ख्या जावेलाही कधी दिला नाही.

विंचू चावला की पाला वाटून लावायची. जुना खोकला असला की वाळलेलं झाड जाळून त्याची राख मधातून चाटवायची. ऋषिपंचमीला गावातल्या म्हाताऱ्या दात घासायच्या त्या तिच्याच काड्यांनी. झोपेत दचकणाऱ्या पोराच्या उशाखाली ती मुळी ठेवायची, आणि श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पूजेसाठी आघाडा-दुर्वांच्या माळा करून घरोघर फुकट वाटायची. लेकरांना सांभाळणारी ती जिवती, तिच्या गळ्यात आघाडा नसेल तर ती उपाशी राहते, असं तिचं म्हणणं.

मी गावची आशा. सरकारनं नेमलेली, पोटुशी बायकांच्या तपासण्या करणारी, बाळंतपणाला त्यांना दवाखान्यात नेणारी. नाव केशर, पण ते आता माझ्या नवऱ्यालासुद्धा आठवत नसेल. भिवराबाईचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण मी यायच्या आधी ती गावची सुईण होती. ऊसतोडीला टोळीबरोबर जायची तेव्हा फडातल्या झोपड्यांत, कोप्यांमध्येही तिनं बाळंतपणं केली होती. पाचटावर, चिमणीच्या उजेडात. मी आले आणि तिचं काम गेलं. त्याबद्दल ती मला कधी वाईट बोलली नाही, पण रस्त्यात भेटली की म्हणायची, "काय गं केशर, आज कुणाला गाडीत घालून नेलंस?" मीही म्हणायचे, "तुमच्या पाल्यापासून वाचवलं एकीला." मग दोघी हसायचो.

तिची खरी विद्या म्हणजे बाळंतपणाची मुळी. त्याची रीत अशी. शनिवारी दिवस मावळताना आघाड्याच्या झाडापाशी जायचं, हळदीकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या आणि माणसाला द्यावं तसं आवतण द्यायचं. "उद्या न्यायला येते बाई, माज्या लेकीचं काम हाय, नाट लावू नको." रविवारी उजाडता कोणाशी न बोलता जायचं, आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, लोखंड लावायचं नाही, हातानंच मूळ उपटायचं. कळा सुरू झाल्या की कच्च्या सुतानं ती मुळी बाईच्या केसांत, टाळूपाशी बांधायची. मुळी बाळाला खाली ओढते. पण तिला ओढायचं तेवढंच कळतं, थांबायचं कळत नाही. म्हणून बाळ बाहेर आलं की पहिला हात बाळाला लावायचा नाही, मुळीला लावायचा. ती तिथंच राहिली तर बाळामागं बाईचा जीवही ओढून आणते. आणि जिनं बांधली तिनंच सोडायची, दुसऱ्या हाताला ती सुटत नाही.

माझा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. पण दवाखान्यात जाणाऱ्या बायकांच्या केसांत ती मुळी बांधायची, गाडीतून बरोबर यायची आणि आत नेण्याआधी दारात सोडून घ्यायची. मी काही म्हणायचे नाही. त्या बायका तेवढ्यानं शांत व्हायच्या, आणि घाबरलेल्या बाईला शांत करायचं औषध माझ्या पेटीत तरी नाही.

तिचा एकुलता एक मुलगा आदिनाथ ट्रॅक्टर चालवतो. त्याची बायको विजयमाला, सिरसाळ्याकडची. सगळे माला म्हणायचे. दात जरा पुढं, हसली की हात तोंडावर. बोलायला फटकळ. सासूला ती आत्या म्हणायची आणि सासू तिला घोडे म्हणायची, यावरून काय ते ओळखा. तिला दिवस गेले तेव्हा भिवराबाईनं मला स्वतः बोलावणं पाठवलं. म्हणाली, "गोळ्या दे, सुया दे, तुला काय द्यायचं ते दे. पर ही मला धडधाकट पाहिजे." मालाची एकही तपासणी चुकली नाही. रक्तही चांगलं होतं.

आषाढ लागताच, दुपारी जेवणं आटोपताना, तिला कळा सुरू झाल्या. मी गाडी बोलावली. भिवराबाईनं मुळी आधीच आणून ठेवली होती, ती मालाच्या केसांत बांधली. गाडीत माला कळ आली की सासूचं मनगट धरायची आणि कळ गेली की म्हणायची, "आत्या, तुमची मुळी लई जोरात ओढती बघा. जरा हळू म्हणा तिला."

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पोर अगदी तोंडाशी आलं होतं. दोघी सिस्टर स्ट्रेचर घेऊन धावत आल्या आणि तशाच तिला आत घेऊन गेल्या. भिवराबाई मागं धावली. दार लागलं. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, तो नियमच आहे आणि तो बरोबरही आहे. ती दार वाजवायला लागली. "मुळी राह्यली माजी, एक डाव आत सोडा." शिपायानं तिला हात धरून बाकावर बसवलं. मी म्हटलं, काही होत नाही, सिस्टर काढतील. ती म्हणाली, "तिच्या हाताला सुटायची न्हाई." आणि पुन्हा उठून दाराला कान लावून उभी राहिली.

मुलगी झाली. रडण्याचा आवाज आम्ही बाहेरून ऐकला. त्यानंतर आत धावपळ सुरू झाली. गर्भाची पिशवी आकसली नाही, रक्त थांबेना. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, आदिनाथनं स्वतःचं रक्त दिलं. दिवस मावळायच्या आत माला गेली.

इतक्या वर्षांत माझ्या हाताखालची एकही बाई अशी गेली नव्हती. मी त्या भिंतीला डोकं टेकून रडले. भिवराबाई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी बांधली आन मी सोडली न्हाई."

बाळंतपणात गेलेल्या बाईची आमच्याकडे लोक फार धास्ती घेतात. लेकराच्या ओढीनं ती परत येते म्हणतात. म्हणून तिला नेताना मागं राळे टाकतात. तिनं दाणे वेचत बसावं आणि तोवर दिवस उजाडावा. शेजारच्या धोंडीरामनं सूप भरून राळे आणले. भिवराबाईनं ते सूप त्याच्या हातातून हिसकावलं आणि अंगणात उपडं केलं. "येऊ द्या तिला," ती ओरडली. "लेकराला बघाया येत आसंल तर येऊ द्या. कावून आडवता?" धोंडीराम मागं सरला. मी गावातल्या पुष्कळ मयती पाहिल्या, पण सासूनं सुनेसाठी असं काही केलेलं पाहिलं नाही.

मात्र त्या लेकराला ती शिवली नाही. डॉक्टरांनी आदिनाथला समजावलं होतं, मी तिला समजावलं, असं कोणाचंही होतं, हजारात एखादीचं होतं, मुळीचा काही संबंध नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुला न्हाई कळायचं त्यातलं." दारापुढचा, विहिरीवरचा, देवळामागचा आघाडा तिनं दोन्ही हातांनी उपटून काढला. श्रावण आला तेव्हा बायका माळा मागायला गेल्या, तर तिनं दार लावून घेतलं.

लेकरू सांभाळायला मालाची आई, वच्छलाबाई, सिरसाळ्याहून येऊन राहिली होती. दोघी विहिणी एकमेकींना येनबाई म्हणायच्या. लेकीच्या घरी असं राहायची आमच्याकडे रीत नाही, पण लेकच राहिली नव्हती तिथं रीत कुठली. डबीतलं दूध पाजायची, अंघोळ घालायची, आणि लेकीच्या आठवणीनं रडायची तीही भिवराबाईच्या समोर नाही, न्हाणीत जाऊन. एक दिवस ती मला म्हणाली, "आशाताई, दीड महिन्याची लस झाली की मी पोरीला घेऊन जाते. इथं आजी हाय, पर ती मांडीवर घेत न्हाई. आईविना वाढंल, पर अशी शिवाशीव पाळून कशी वाढंल? येनबाईंनी एकदा जरी उचलली आसती तरी मी ठेवली आसती."

मला ते सहन होईना. आदिनाथ बाप होता, पण दिवसभर ट्रॅक्टरवर. पोर या घरात राहायची तर भिवराबाईनं तिला उचलायला हवं होतं, आणि ती मुळी डोक्यातून गेल्याशिवाय ती उचलणार नव्हती. मग एका पेशंटबरोबर मी त्या दवाखान्यात गेले तेव्हा त्या दिवशीच्या सिस्टरला गाठलं. म्हटलं, त्या बाईच्या केसांत एक मुळी होती, आठवतं का? ती म्हणाली, "आठवतं ना. टेबलवर घेतल्यावर, बाळ यायच्या आधी काढली मी. पिना, दोरे, गंडे, काही ठेवत नाही आम्ही."

म्हणजे मूल व्हायच्या आधीच काढली होती. मला तिथंच नाचावंसं वाटलं. दुसऱ्या हाताला न सुटणारी मुळी सुटली होती, आणि मालाला रक्त जायला लागलं तेव्हा तिच्या अंगावर नव्हतीच. भिवराबाईच्याच शास्त्रानं भिवराबाई निर्दोष होती.

लस खरं तर आमच्या अंगणवाडीतच मिळते, पण मी मुद्दाम सगळ्यांना त्या दवाखान्यात नेलं. वच्छलाबाईच्या मांडीवर पोर, बाजूला भिवराबाई पदर ओढून बसलेली. तिला येताना हजारदा विनवलं होतं. जेवणाची सुट्टी झाली तशी सिस्टर आली आणि समोर बसून नीट, सावकाश सांगितलं. आजी, मी स्वतः काढली. बाळ यायच्या आधी. शपथेवर सांगते.

भिवराबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या तोंडावरचा ताठा गेला आणि इतक्या दिवसांनी ती रडली. मोठ्यानं, लहान पोरासारखी. मी तिची पाठ चोळत होते आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. वच्छलाबाईनं तर पोर तिच्या मांडीकडं सरकवायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात भिवराबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, "आन तिनं काढू दिली? काय बोलली न्हाई?"

सिस्टर भली बाई. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही, आणि खरं लपवायचं कारण तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "काढू देत नव्हती हो. दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. सारखी म्हणत होती, आत्याला बोलवा, त्यांनी बांधली, त्याच सोडतील. आत्याला बोलवा. मी म्हटलं, आत कुणाला येता येत नाही. मग पुढं कळा वाढल्या, तेव्हा काढली. तरी हाका मारतच होती शेवटपर्यंत."

बाहेर व्हरांड्यात कोणाचं तरी मूल खोकत होतं.

"मी दाराला कान लावून हुते," भिवराबाई म्हणाली. "मला कशी आयकू आली न्हाई?"

मी म्हटलं, दार जाड आहे, आत मशिनींचा आवाज असतो, कोणालाच ऐकू येत नाही. पण पोरीचं रडणं आम्हा दोघींना त्याच दारातून ऐकू आलं होतं; ती मान हलवत राहिली. आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात की खरं सांगितलं की माणूस मोकळं होतं. शिकवणाऱ्यांना एकदा त्या बाकावर आणून बसवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिरसाळ्याची जीप दाराशी आली. वच्छलाबाई मला म्हणाली, "कालपासून वाट बघतेय, येनबाई एक शब्द बोलल्या तर मी थांबते." मी भिवराबाईवर ओरडले, खरंच ओरडले. "आता काय राहिलं तुमचं? मुळी नव्हती ना तिथं? मग पोरीला कशाला धाडता?" आदिनाथ जीपला टेकून खाली बघत उभा होता.

भिवराबाई उठली. पाळण्यापाशी गेली आणि तिनं पोरीला उचललं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. पोर झोपेत होती. तिनं तिची मान हातावर नीट घेतली, इतकी बाळंतपणं केलेला तो हात, आणि छातीशी धरून अंगणात आली. जीपमध्ये जाऊन बसलेली वच्छलाबाई उतरायला लागली. मला वाटलं, झालं, राहिली पोर.

भिवराबाईनं पोर तिच्या ओटीत ठेवली आणि दुपट्याचं टोक नीट खोचलं.

"येनबाई, न्या तुमी," ती म्हणाली. "ही उद्या बोलाया लागंल. हाक मारंल. मला आयकू येत न्हाई."