घोडेस्वार वळला तेव्हा

सुमे, तिकडं असलीस तरी जरा जवळ सरक. फोनवर सिनेमा कसा होता एवढंच विचारलंस. शेजारी कोण होतं, ते विचारायला नको होय गं?

सावेडीत तो जुना इंग्रजी घोडेस्वारांचा सिनेमा नव्यानं काढलेला लागलाय. पोरं शिट्ट्या मारत होती, मागं एकजण "जुन्याची सर नाही" म्हणून कुरकुरत होता. माझ्या शेजारचे इस्त्रीच्या सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ मात्र टक लावून पडद्याकडं बघत होते.

शेवटी गाव सोडून निघालेल्या नायकानं घोडा थांबवला आणि दारातल्या बाईकडं वळून पाहिलं. तसं या गृहस्थांनी पलीकडच्या रिकाम्या खुर्चीला कोपरानं ढोसलं. "बघ, वळला!" मग ओशाळून माझ्याकडं पाहिलं.

मी विचारलं, "जुन्यात वळत नव्हता का?"

"न्हाई ना बाई. तीनदा बघितला आमी. आमची मंडळी दर वेळी चिडायची, 'वळून बघ की मेल्या!' आज बघितलं त्यानं, अन् ती न्हाई."

दिवे लागले तरी ते उठेनात. मलाही उठवेना. घरी आले, तर चहासुद्धा एकटीनं पिववेना.

सुमे, सवड मिळायची वाट बघू नको. या रविवारी येच.