ऑपरेटरनं खाल्लेली माफी

"माफी कुठी गेली बे? ऑपरेटरनं माफी खाल्ली!"

थर्ड क्लासातून आरोळी आली आणि सगळं थिएटर बाकं बडवायला लागलं. मी केबिनच्या दारात उभा होतो. आत दोन मशीनींच्या मधे दिगंबर उभा होता. त्याचा पांढराफटक चेहरा पाहून मला, खोटं कायले बोलू, बरंच वाटलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. खामगावच्या एका टॉकीजमध्ये मी, नारायण, सिनिअर ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारा. दिगंबर माझा ज्युनिअर, वरवट बकालकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. काम मीच शिकवलं त्याला. दोन वर्षांत पोरगा माझ्या पुढे निघून गेला.

मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळतात, त्यांच्या उजेडात पडद्यावर पिक्चर दिसतो. कांड्या सारख्या पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर पडदा पिवळा पडतो. दिगंबरच्या हातात पडदा कधी पिवळा पडायचा नाही. शेटजी म्हणायचे, "आज उजेड झकास होता. दिगंबर होता वाटते मशीनवर?" मशीनवर मी असलो की त्यांना उजेड दिसायचाच नाही. खालचा चहावालासुद्धा पहिला कप त्याच्या हातात द्यायचा. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात शेटजींनी मलकापूरला भागीदारीत नवं टॉकीज काढलं. तिथे हेड ऑपरेटर पाहिजे होता. राहायला खोली, हाताखाली दोन माणसं.

"शुक्रवारी तीनच्या खेळाले भागीदार येऊन राह्यले," शेटजी मला म्हणाले. "नवा पिक्चर लागते. मशीनवर दिगंबरले बसव. तू प्रिंट चेक करून दे फक्त."

"सिनिअर मी हाय, शेटजी."

"म्हणून तं चेकिंग तुले देऊन राह्यलो."

आता जरा समजावून सांगतो. पिक्चर एका रिळात मावत नाही. एक रीळ दहाएक मिनिटांचं. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवरचं सुरू करायचं, तेही पब्लिकला कळू न देता. याला चेंजओव्हर म्हणतात. कधी करायचा? पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. काही सेकंदांनी दुसरा येतो, तेव्हा ह्या मशीनचा उजेड बंद आणि त्या मशीनचा चालू. पिक्चर पाहताना तुम्हाला हे ठिपके दिसतही नाहीत. ऑपरेटरला मात्र त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

ठिपके फिल्मवर छापूनच येतात. जुन्या प्रिंटवर ते पुसट झाले की आम्ही टाचणीनं फिल्म खरवडून नवे पाडायचो.

शुक्रवारी सकाळी प्रिंटची पेटी आली. मी चेकिंगला बसलो. फिल्म हातातून सरकवत, उजेडासमोर धरून पाहायची. शेवटून दुसऱ्या रिळाच्या अखेरीस एक माणूस आणि एक बाई नुसते बोलत बसलेले दिसले. गाणं नाही, मारामारी नाही. म्हटलं, इथंच. शेवटाकडचा झटका भागीदारांच्या ध्यानात राहतो. खऱ्या ठिपक्यांच्या दोनेक मिनिटं आधी मी टाचणीनं दोन खोटे ठिपके पाडले. वाईट वाटलं नाही.

माझं गणित सोपं होतं. दिगंबरनं हा पिक्चर पाहिलेला नाही. ठिपका दिसला की तो चेंजओव्हर करणार, पिक्चर मधेच उडी मारणार, भागीदार नाक मुरडणार.

झालंही तसंच. फक्त दोन माणसं काय बोलतात, हे मला माहीत नव्हतं. हातातल्या फिल्ममधून आवाज कुठून येणार?

पोस्टरवर तो भुताचा पिक्चर होता, पण भूत कुठेच नव्हतं. एका कंपाउंडरच्या हातून चुकीचं औषध जातं आणि आळ तो मित्रावर ढकलतो. मित्र शरमेनं झुरून मरतो. मग मित्राच्या काठीचा ठक्‌ठक्‌ आवाज कंपाउंडरला रोज जिन्यावर ऐकू येतो. दुसऱ्या कोणाला येत नाही. अडीच तास पब्लिक जीव मुठीत धरून बसलं होतं. शेवटी तो मित्राच्या बायकोपुढे बसतो, तोंड उघडतो, आणि तेवढ्यात दिगंबरचा चेंजओव्हर. पडद्यावर एकदम सकाळ. कंपाउंडर तिच्या पोराला खांद्यावर घेऊन हसतोय.

पब्लिक पेटणार नाही तर काय!

दिगंबरनं मशीन थांबवलं, लाईट लावले. आधीचं रीळ परत चढवलं आणि तोच सीन पुन्हा दाखवला. थिएटर चिडीचूप. केबिनच्या झरोक्यातून मीही पाहिला. कंपाउंडर सगळं कबूल करतो. बाई म्हणते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तू कधी येतोस याची वाट पाहत होते. जिन्यावरची काठी थांबते. खाली बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

शो सुटल्यावर दिगंबरनं ते रीळ टेबलावर उलगडलं आणि ठिपक्यावर बोट ठेवून मोजायला लागला. फिल्म म्हणजे छोट्या छोट्या चित्रांची पट्टी. छापील ठिपका ओळीनं चार चित्रांवर असतो. मी मात्र पाडला की पाचांवर पाडायचो. नजरेतून सुटू नये म्हणून लागलेली जुनी सवय, दिगंबरला माहीत असलेली. त्या दिवशीही हातानं पाचच पाडले होते.

"चार... पाच," दिगंबर म्हणाला. माझ्याकडे एकदा पाहिलं त्यानं.

तेवढ्यात शेटजी भागीदारांना घेऊन वर आले. "कोणाची चूक हे?"

"माही," दिगंबर म्हणाला. "डोळा चुकला."

"मंग मलकापूरले नारायण जाईन." एवढं बोलून शेटजी जिना उतरले.

मी पोटभर खूश व्हायला पाहिजे होतं. पण दिगंबर काडीनं त्या खोट्या ठिपक्यांवर काळी शाई लावत बसला होता. लावून झाल्यावर विचारलं, "भाऊ, चहा घेता काय?"

तीन-चार दिवस मला घास गोड लागला नाही. पश्चात्ताप म्हणाल तर नाही, जळफळाटच होता तो! उजेडात हा माझ्या पुढे, चेंजओव्हरमध्ये पुढे, आणि आता मोठेपणातही पुढे? माझ्याच ठिपक्यावर हा साधू झाला? त्यात रोज तीन शो. रोज तीनदा ती काठी ठक्‌ठक्‌ करत वर यायची. एरवी ऑपरेटर गोष्ट पाहतो कुठं, कार्बन पाहतो. आता मला शब्द न्‌ शब्द ऐकू यायला लागला.

पुढे तसले पिक्चर मी पुष्कळ चालवले. भूत बहुतेकांत नसतंच. एकानं काहीतरी केलेलं असतं आणि ते सांगितलेलं नसतं.

पाचव्या दिवशी शेटजींच्या खोलीत गेलो आणि घडाघडा सांगून टाकलं. दिगंबरला एकट्याला मोठं होऊ देणार नव्हतो मी.

शेटजी म्हणाले, "मलकापूरले दिगंबर जाईन. तू दोन महिने गेटवर तिकिटं फाड. केबिनकडे फिरकू नको."

सिनिअर ऑपरेटर गेटवर तिकिटं फाडतोय हे अख्ख्या खामगावानं पाहिलं. पण मान ताठ होती माझी. हिशोब फिटला असंच वाटत होतं.

मलकापूरला निघायच्या दिवशी दिगंबर ट्रंक घेऊन गेटवर आला.

"येतो, भाऊ."

"मी शेटजीले सगळं सांगतलं बे. समजलं ना तुले?"

"हाव, समजलं."

"मंग आता तं माफ केलं ना?"

त्यानं ट्रंक खाली ठेवली. "तुम्ही शेटजीले सांगतलं, भाऊ. मले कुठी सांगतलं?"

पब्लिक आत चाललं होतं. लोक तिकिटं पुढे करत होते. मी तिथंच, सगळ्यांदेखत म्हणालो, "दिगंबर, तुह्या रिळावर ठिपके म्या पाडले. तुह्यावर जळत होतो म्हणून पाडले."

"बरं," तो म्हणाला. वाकून माझ्या पाया पडला, ट्रंक उचलली आणि मोटारस्टँडकडे गेला.

चाळीस वर्षं मशीन चालवून मी एवढंच शिकलो. कबुली ज्याचं बिघडवलं त्याच्यापुढे द्यावी. साहेबापुढे दिली तर नुसती ड्यूटी बदलते.