काली नदीवर घातलेलं गाऱ्हाणं

माघात आंब्याची बाग सोडून जो गावाला जातो, त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं रत्नागिरीत धरूनच चालतात. मोहोर पुरता फुललेला असतो, कणी धरू लागलेली असते आणि चार दिवस फवारणी चुकली तर तुडतुडे वर्षाचं पीक चाटूनपुसून खातात. नेमक्या त्याच आठवड्यात मी पिशवी भरून नेपाळच्या सरहद्दीकडे निघालो. कोकण रेल्वेने दिल्ली, तिथून एक दिवस आणि वर अर्धा दिवस बस, तेव्हा कुठे उत्तराखंडातलं धारचुला. पलीकडच्या काठावर नेपाळातलं दार्चुला. मध्ये काली नदी आणि तिच्यावर एक झुलता पूल. मला त्या पुलापलीकडे लग्नाला जायचं होतं.

“गुरख्याच्या पोरीच्या लग्नाला एवढ्या लांब?” शेजारचा बागायतदार दगडी गडग्यावर हात टेकून म्हणाला. “तुजा चांगला मामा केलान त्यांनी!”

“केलान म्हणूनच चाललोय,” मी म्हटलं. आणखी दोन शब्द ओठांवर आले होते, पण ही मागे उभी होती म्हणून गिळले. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या वाडीला माहीत आहे, तरी मुद्दाम काडी लावतात.

आमच्याकडच्या बागांची राखण, खणणी, फवारणी, तोडणी, सगळं नेपाळहून आलेली माणसं करतात. त्यांना सरसकट गुरखे म्हणायची पद्धत पडली आहे. माझ्या बागेत त्यातलं एक जोडपं बावीस वर्षं आहे. पहिल्यांदा आलं तेव्हा बाईच्या पाठीला सहा महिन्यांची पोर बांधलेली होती. त्याच वर्षी भाऊबिजेला सकाळी बाई ताट घेऊन अंगणात उभी राहिली. नवरा चाचरत म्हणाला, तिच्या मुलखातही आज भावाला टिळा लावतात, हिला भाऊ नाही, तुम्ही बसाल का? माझ्या बायकोने आतून पाट आणून टाकला. मी बसलो. तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही.

ती पोर माझ्या अंगणात वाढली. वाडीतल्या मराठी शाळेत शिकली, कैऱ्या पाडल्या म्हणून माझा मार चुकवत झाडावर बसली आणि मोठी झाल्यावर, मी टोपी न घालता फवारणीला उभा राहिलो की मलाच झापू लागली. बारावीनंतर नर्सिंग केलंन आणि पलीकडे, आईवडिलांच्या मुलखात नोकरीला लागली. लग्न ठरलं तेव्हा रजा काढून आमच्याकडे आली, पडवीत बसली नि म्हणाली, “मामा, माजी एकच अट हाय. आपल्यात मामा पोरीला मांडवात नेतो ना, तसं तू मना न्यायचंस. दुसऱ्या कुणाचा हात धरून मी जायची नाय.”

आपल्यात, म्हणाली. हे ऐकून आत गेलो आणि उगाचच पंपाच्या नळ्या तपासत बसलो.

तिचे आईबाप तयारीला पंधरा दिवस आधीच तिकडे गेले होते; वरातीमागून घोडं नको म्हणून मीही एक दिवस हाताशी ठेवून निघालो होतो. धारचुल्याला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि लग्न दुसऱ्या दिवशी दुपारचं. बाजारातून उतारावर खाली आलो तर समोर नदी. पलीकडे आपल्यासारखीच घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, मुलं खेळताहेत. ओळखपत्र दाखवलं की पूल ओलांडता येतो एवढं मला पक्कं माहीत होतं. ते खिशातून काढून हातात धरूनच मी फाटकापाशी गेलो.

फाटकाला साखळी होती. आतल्या जवानाने शांतपणे सांगितलं, की इथे विधानसभेचं मतदान आहे, ते परवा संध्याकाळी संपेपर्यंत सरहद्द बंद. कुणी इकडून तिकडे नाही, तिकडून इकडे नाही.

वाडीतल्या पारावर बसून देशाच्या राजकारणावर तास तास अक्कल पाजळणारा मी, आणि जिथे जातोय तिथे निवडणूक आहे हे मला ठाऊक नाही! पोरीला फोन लावला. आधी तिला हसूच आलं. “तू काय तरी कर मामा,” म्हणाली. “मुहूर्त बदलत नाय आता.”

काय तरी करायचं म्हणजे काय? कोकणातल्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. जयगड असो की पूर्णगड, पाण्याने वाट अडवली तर होडीवाला गाठायचा. खाडीला पूल नव्हते तेव्हा आमच्या वऱ्हाडी मंडळींनी अशाच वाटा काढल्या. तेव्हा मी नदीकाठाने जरा पुढे गेलो आणि तिथे पहाऱ्यावर असलेल्या दुसऱ्या जवानाला, अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “भाईसाब, इधर होडी किधर से छूटती है?”

त्याला कळलं नाही. मी हाताने वल्ही मारून दाखवली. “उस पार जाना है. पुल बंद है ना, इसलिए.”

त्याचा चेहरा बदलला. बंद सरहद्द चोरवाटेने ओलांडायची आहे, असं एक परका माणूस भरदिवसा पहारेकऱ्यालाच सांगत होता. त्यातून मी नदीही धड पाहिली नव्हती. आमच्या खाड्या भरतीओहोटीने आत-बाहेर करतात. ही नदी धोंड्यांवर आपटत, फेस काढत नुसती पळत होती. तिच्यात होडी घालणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. जवानाने माझ्या दंडाला धरलं आणि चौकीवर नेलं.

चौकीत माझी पिशवी टेबलावर उपडी केली. आमसुलं निघाली. ती हुंगून एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोकमाच्या आगळाची लालभडक बाटली उजेडात धरून पाहिली. आंबापोळी निघाली, काजू, दोन नारळ, हिरवा चुडा, मुंडावळ्या आणि घडी न मोडलेली पिवळी साडी. तोपर्यंत मतदानाच्या बंदोबस्ताची पाहणी करत फिरणाऱ्या एक अधिकारी बाई आत आल्या. वय माझ्या भाचीपेक्षा फार तर दहा वर्षांनी जास्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साडीला हात लावला आणि विचारलं, हे काय?

मी सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीला मामाकडची पिवळी साडी नेसवतात आणि मामाने हात धरून तिला मांडवात न्यायचं असतं. मामा मी आहे. मुलगी पलीकडे आहे.

“तुम्ही महाराष्ट्रातले, मुलगी नेपाळची. सख्खं नातं आहे?” बाई हिंदीत म्हणाल्या. “जवळच्या नात्यातलं लग्न किंवा मयत असेल तर मला सोडता येतं. पण नात्याचा काही पुरावा?”

“भाऊबिजेचा दाखला कोण देतो?” माझा आवाज चढला. “तुमच्याकडे असतो काय तसला कागद? बावीस वर्षं कपाळाला टिळा लावून घेतोय, त्याची पावती फाडत नाहीत!”

जवान पुढे सरकला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळे मीच वरमलो. म्हणाल्या, असं रोज कुणी ना कुणी सांगतं. मुलीला फोन लावून दिलात, तरी फोनवर कुणीही कुणाला मामा म्हणेल. मी कशावरून मानू?

आणि तेव्हा मला जे सुचलं ते देवानेच सुचवलं, असं मी आजही म्हणतो. टेबलावरचा एक नारळ उचलला आणि म्हटलं, “मॅडम, पाच मिनिटं माझ्याबरोबर नदीवर चला.”

त्या का आल्या कोण जाणे. कदाचित कुतूहल असेल. खाली काठावर एक सपाट धोंडा होता, तिथे मी नारळ ठेवला, चपला काढल्या. समोरच्या काठावर, माझा फोन झाल्यापासून, आठदहा माणसं येऊन उभी होती. मी तोंडाभोवती हात धरले आणि कुकारा घातला. बागेत एका टेपावरून, म्हणजे टेकाडावरून, दुसऱ्या टेपावरच्या गड्याला हाक मारतात तसा लांबलचक, पोटातून काढलेला. नदीचा एवढा आवाज, तरी पलीकडून तसाच कुकारा आला. पोरीचाच होता.

आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभाला नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला हुंकार द्यायचा. माझ्या बागेत पहिल्या तोडणीच्या दिवशी ते मीच घालतो. मी छाती भरून घेतली.

“बा देवा म्हाराजा! ह्या काली नदीच्या काठाचा जो कोण राखणदार असशील, त्या तुज्या पायाशी नारळ ठेवून सांगणं करतोय रे म्हाराजा!”

मग पलीकडून आलं, “व्हय म्हाराजा!”

एकट्या पोरीचा आवाज नव्हता तो. तिचे आईबाप धरून तिघांचाही नव्हता. पंधरावीस गळे होते. मी डोळे फाडून पाहिलं. काठावर आणखी माणसं उतरत होती, पांढऱ्या मिशांची, काठ्या टेकत येणारी. ती सगळी आमच्याकडची होती! जयगडच्या, पूर्णगडच्या, गणपतीपुळ्याच्या बागांत उमेदीची वर्षं घालवून हात थकल्यावर गावी परतलेली माणसं. लग्नघरी जमली होती आणि कुकारा ऐकून नदीवर धावली होती.

मग मला कुणी आवरणार नव्हतं.

“उद्या माज्या भाचीचं लगीन हाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मामाचा हात धरून तिला मांडवात जायचं हाय, वाटेत काय आडवं आलं असेल तर बाजूला कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या फाटकावरच्या बाईंच्या मनात बरी बुद्धी घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावर तर पलीकडे टोप्या उडाल्या. माझ्या मागे, ज्याने मला दंडाला धरून नेलं होतं तो जवानही पुटपुटला, “व्हय म्हाराजा.” अर्थ कळला असेल नसेल, पण म्हणाला.

मी नारळ धोंड्यावर फोडला. दोन सरळ भकलं झाली. एक नदीला दिलं, दुसऱ्यातला खोबऱ्याचा तुकडा काढून बाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

“शेवटची ओळ माझ्याबद्दल होती ना?” त्यांनी विचारलं.

“होय,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्या हसल्या. चौकीत येऊन त्यांनी कागद मागवला, माझं ओळखपत्र पाहून सगळं लिहिलं आणि मला बजावलं, “आत्ता गेलात तर मतदान संपेपर्यंत परत येता येणार नाही. चालेल?”

“मला कुठे यायचंय?” म्हटलं खरं, पण लगेच तुडतुडे आठवले. घरी फोन केला. ही म्हणाली, “फवारणीचं मी बघते. माणसं लावलीत मी आधीच. तुम्ही पोरीला नीट मांडवात न्या, नि तिथे कुणावर तापू नका.”

साखळी सुटली. सरकारी फाटक आयुष्यात एकदाच फक्त माझ्यासाठी उघडलं आणि मी ते मुळीच विसरणार नाही. पूल पावलागणिक हलत होता, खाली पाणी उसळत होतं, पिशवी खांद्याला रुतत होती आणि मी छाती काढून चाललो होतो. पलीकडच्या टोकाला त्यांच्या शिपायाने कागद वाचला नि सलाम ठोकला. म्हाताऱ्यांनी मला घेरलं. एकाने विचारलं, “औंदा मोहोर कसा हाय?” बागेची चौकशी परदेशात, आमच्या बोलीत! मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी पोर पिवळी साडी नेसून दारात उभी राहिली. हिरवा चुडा भरलेला, मुंडावळ्या बांधलेल्या. अंगणात तिच्या मुलखाची शेदोनशे माणसं. भटजींनी काहीतरी विचारलं आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. हा कोण, असंच विचारलं असणार.

तिची आई पुढे आली. बावीस वर्षं ही बाई मला शेठ म्हणत आली होती. भाऊबिजेला टिळा लावायची, ओवाळायची आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारायची, “शेठ, आज पाणी कुठल्या झाडांना?” मीही ते ऐकून घ्यायचो. आजच्या दिवशी तरी शेठ म्हणू नको, एवढंही मला कधी सुचलं नव्हतं. त्याची लाज मला तिथे, भर अंगणात वाटली.

बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या घरी, तिच्या माणसांसमोर ती मोठ्याने म्हणाली, “मेरो दाइ.” माझा थोरला भाऊ.

पोर माझ्याकडे बघत होती. “रडतंस काय मामा,” ती कुजबुजली, “चल, मुहूर्त टळेल.” मी डोळे पुसले, तिचा हात धरला आणि तिला मांडवात घेऊन गेलो.