पिरॅमिडमधलं फुलपात्र

सुट्टी काढून परक्याच्या थडग्यात शिरायची हौस वडिलांची. इजिप्तच्या त्या पिरॅमिडमध्ये आम्ही वाकून वाकून चढत होतो आणि डोक्यावर नुसता दगड. भूकंपात औशाजवळचं आमचं दगडमातीचं घर कोसळलं, तेव्हापासून आई पत्र्याखालीच झोपते. उशाशी तांब्यावर फुलपात्र पालथं घालते. जमीन हलली की ते वाजतं. आतल्या खोलीत पोचताच तिनं पिशवीतून तांब्या-फुलपात्र काढून तसंच मांडलं. हसावं म्हटलं, तर माझाच हात भिंत सोडत नव्हता. गाईडचं बोलणं मी तिला मराठीत सांगितलं, “हे छत हजारो वर्षांत हललेलं नाही.”

फुलपात्रावरची नजर न काढता ती म्हणाली, “आपलं घर बी त्या रातीपर्यंत कधी हललं नव्हतं.”