डोळ्यांनी, की कानांनी?

माझ्या मामांनी 'खरं आहे' असं म्हटल्याशिवाय कर्जत गावात कोणी मरत नसे. म्हणजे माणसं आपापल्या वेळी जात, डॉक्टर येऊन मान हलवून जात, पण आळीतली बायामाणसं डोळ्यांना पदर लावण्याआधी आमच्या मामांची वाट पाहत. मामा छत्री घेऊन त्या घरी जायचे, गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघायचे आणि बाहेर येऊन हळूच सांगायचे, "खरं आहे." मग रडण्याला सुरुवात होई. हे काही त्यांचं पद नव्हतं, आणि त्यांना ते कोणी दिलेलंही नव्हतं. पण ऐकीव बातमीवर विश्वास न ठेवणारा सबंध तालुक्यात एकच माणूस होता, आणि हळूहळू लोकांनी ते काम त्यांच्यावर सोपवून टाकलं होतं.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. लग्न केलेलं नाही, घरची भाताची जमीन कुळं बघायची, त्यामुळे वेळ भरपूर आणि पाय दणकट. कोणी काहीही सांगायला आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "डोळ्यांनी पाहिलंत, की कानांनी?" कानांनी म्हटलं की मामांनी चपला पायात घातल्याच. उल्हास नदीवरचा पूल वाहून गेला अशी बोंब उठली तेव्हा सगळं गाव घरात बसून हळहळत होतं आणि मामा भर पावसात पुलावर उभे राहून कठडा हलवून बघत होते. आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा असली की भटजी मामांना मुद्दाम लांब बसवत, कारण साधुवाण्याची नौका पाण्याखाली गेली की मामा हमखास विचारायचे, "हे तिथं कोणी पाहिलं होतं का?" प्रसाद मात्र दोनदा घ्यायचे. एकदा एक म्हातारे वकील गेले अशी बातमी आली. मामा गेले तर दार खुद्द वकिलांनीच उघडलं. "आपण गेलात असं कळलं," मामा म्हणाले. वकिलांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अजून नाही. आत या, चहा टाकलाय." दोघांनी चहा घेतला, आणि मामांनी परतताना आठ घरी थांबून वकिलांची खुशाली सांगितली.

खरं शोधून काढल्यानं सगळ्यांचं भलंच होतं असं मात्र नाही. कुंभिवलीला वाघानं पाटलाची म्हैस नेली अशी आवई उठली होती. बायका पाणवठ्यावर जाईनात. मामा दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले, म्हैस जिवंत बांधलेली डोळ्यांनी पाहून संध्याकाळी परत आले आणि ओटीवर जमलेल्या मंडळींना त्यांनी वाटेत भेटलेल्या ठाकराचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "वाघ बिग काय नाय मामा. म्हस पाटलानंच आपल्या भैणीला दिली. बायकोला काय सांगायचं, म्हून वाघ." हे पाटलिणीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. त्यानंतर पाटील मामांना रस्त्यात दिसले की शेतातून वळसा घालून जायचे. "वाघ बरा होता हो," असं ते कोणाजवळ तरी म्हणाले म्हणे. मामांनी अर्थात त्यावरही विश्वास ठेवला नाही, कारण ते ऐकीव होतं.

फक्त एका बाबतीत मामांचे पाय चालत नसत. नेरळ, चौक, खोपोली, डोंगरावरच्या वाड्या, कुठलीही बातमी असो, मामा हजर. पण बातमी खालापूरची असली की ते प्रश्नच विचारत नसत. सुपारी कातरत बसत आणि म्हणत, "असेल बुवा." मी पुष्कळ दिवस त्यांची यावरून थट्टा करत असे. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा एके दिवशी निवडायचं सूप पुढ्यात घेऊन आईनं मला सगळं सांगितलं, आणि त्यानंतर मी थट्टा केली नाही.

मामा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते. खालापूरची एक मुलगी बघायला ते तिच्या घरी गेले होते. मामांनी तिला एवढंच विचारलं, "दारातली रांगोळी तू काढलीस?" हो म्हणायचं, असं घरच्यांनी पढवलं होतं. मुलगी म्हणाली, "नाही, काकूनं काढली." बैठकीतली सगळी माणसं एकदम खोकली. मामांनी घरी येऊन सांगितलं, हीच मुलगी करायची. साखरपुडा झाला. आणि आठव्या दिवशी विहिरीवर आंघोळ करताना मामांच्या डोक्याला कावळा शिवला.

कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं आमच्याकडे धरतात, आणि ते टाळायचा उपायही ठरलेला आहे. तो माणूस गेला अशी खोटी बातमी एखाद्या जवळच्या नातेवाइकाला धाडायची, त्यांना खरेखुरे अश्रू ढाळू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळवायचं. रडणाऱ्याला आधी ठाऊक असून चालत नाही. माझी आजी कर्जतला, आणि वडिलांच्या कचेरीतल्या नोकरीमुळे माझी आई त्या वेळी खालापूरला. आजीनं गड्याला आईकडे धाडलं. "मी तेव्हा काय रडले गं," आई मला म्हणाली. "ओटीवर येऊन, छाती पिटून रडले. पाठचा भाऊ माझा. सगळी आळी गोळा झाली. मी एवढ्या मोठ्यानं रडले नसते तर..." सुपातला खडा तिच्या हातातच राहिला होता.

आईच्या घरापासून त्या मुलीचं घर दोन आळ्या टाकून. दिवेलागणीच्या आत बातमी तिथं पोचली. साखरपुड्याला आठ दिवस झाले नाहीत तोच नवरामुलगा गेला, म्हणजे मुलगी पांढऱ्या पायाची, हे तिच्या दारात उभं राहून लोकांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. मामा जिवंत आहेत, धडधाकट आहेत, सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. पण तोपर्यंत लोकांना आधीच्या बातमीची गोडी लागली होती. आता नवीन निघालं: मुलीत काही खोट असल्याशिवाय का कोणी मेल्याचं सोंग करून सोयरीक मोडतं? ती खोट कोणती, हेही पाणवठ्यावर रोज थोडं थोडं ठरत गेलं. महिनाभरानं ती सबंध तालुक्याला तोंडपाठ होती.

मामा खालापूरला जायला निघाले होते. अंगात कोट, पायात चपला, सगळं झालं होतं. आजी दारात आडवी आली. "कावळा शिवलाय, त्यात हे सगळं बोलणं. महिनाभर जाऊ दे, मग बघू." मामा थांबले. महिन्याचे दोन झाले, मग आजीनंच परस्पर निरोप धाडून सोयरीक मोडली. त्या मुलीला पुढे कोणी मागणी घातली नाही. वडिलांनी तिला पुण्याला शिकायला ठेवलं, आणि शिकून ती खालापूरच्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन परत आली. मामांनीही लग्न केलं नाही, आणि ज्या एका बातमीसाठी चालत जायला हवं होतं तिथं ते गेले नाहीत म्हणून पुढची वीस-बावीस वर्षं इतर प्रत्येक बातमीसाठी चालत राहिले. मला तरी हे असंच वाटतं.

मी माहेरपणाला आले होते तेव्हाची गोष्ट. खोपोलीजवळ शिळफाट्याच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता आणि त्यातली चित्रं तोंडानं बोलतात अशी बातमी कर्जतला आली. मामांनी सुपारी खाली ठेवली. रविवारी मी आणि ते खोपोलीच्या गाडीनं गेलो. आत शिरल्याबरोबर मामा पडद्यामागे गेले आणि तिथं कोणी बोलणारा माणूस लपला आहे का ते पाहू लागले. मालकानं हात जोडले. "मामा, मानूस नाय हो आत, यंत्र हाय. तुमी बसा तरी!" यंत्र बघून, त्याला हात लावून मगच मामा पुरुषांच्या बाजूला जाऊन बसले. मी बायकांच्या बाजूला, बाकाच्या कडेला. माझ्या शेजारी खालापूरहून बैलगाडीनं आलेल्या चार-पाच बायका होत्या. दुपारचा खेळ, तंबूला भोकं, त्यामुळे पडद्यावर नायिकेच्या गालावर उन्हाचा एक कवडसा सारखा हलत होता.

चित्र एका मास्तरणीचं होतं. गावातली एक खाष्ट बाई तिच्यावर बालंट आणते, ते तोंडातोंडी वाढत जातं, शाळेतून पोरी काढून घेतल्या जातात. खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक असतं, तिच्या शेजाऱ्याला. पंचायत बसते, मास्तरीण खाली मान घालून उभी राहते आणि हा शेजारी आपल्या मिशीवरून हात फिरवत गप्प. तंबूत हुंदके सुरू झाले होते. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं मामांचा आवाज आला.

"अरे, बोल ना! गप्प काय बसलास? तुला सगळं ठाऊक आहे! आत्ता बोलला नाहीस तर जन्मभर बोलता यायचं नाही!"

मामा पडद्याकडे छत्री रोखून उभे होते. लोक हसायला लागले. "खाली बसा हो!" कोणीतरी ओरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शेजारची बाई मात्र हसली नाही. छत्तिशीची असावी, साधं लुगडं, हाताच्या बोटांत खडूचा मुरलेला पांढरेपणा. तिनं मला हळूच विचारलं, "तुमच्याबरोबरचे का ते?"

"माझे मामा."

"कर्जतचे?"

मी हो म्हटलं. पुढचं चित्र आम्हा दोघींपैकी कोणीच पाहिलं नसावं.

खेळ सुटल्यावर मामा तंबूबाहेर ओशाळे होऊन उभे होते. ती बाई सरळ त्यांच्यासमोर गेली. आजूबाजूला माणसं होती, पण तिनं कोणाकडे पाहिलं नाही. म्हणाली, "रांगोळी काकूनंच काढली होती."

मामांच्या हातातली छत्री खाली आली. त्यांनी ती जमिनीवर टेकली. मग म्हणाले, "मी यायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्तच जड गेलं. "यायला हवं होतं. चार-पाच कोस तर वाट. सकाळी निघाला असतात तर जेवायच्या वेळेला पोचला असतात. तुम्ही माझ्या ओटीवर नुसते येऊन बसला असतात, तरी पुष्कळ झालं असतं."

बैलगाडीवाल्यानं हाक मारली. बाई जायला वळल्या. मामांनी विचारलं, "आता आलो तर?"

बाई थांबल्या. "शनिवारी शाळा अर्धा दिवस असते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामा खालापूरला जाऊ लागले. गाडीनं नव्हे, चालत. शाळेच्या ओसरीवर दोन बाकं होती. एकावर बाई बसत, दुसऱ्यावर मामा, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे. तासभर बोलत आणि मामा परत निघत. लोक बोलायला लागले हे सांगायला नकोच. मी एकदा म्हटलं, "मामा, लोक तुमच्याबद्दल काय काय म्हणतात. त्यातलं खरं काय?"

"त्याची चौकशी मी करत नाही," मामा म्हणाले, आणि मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

हे चार वर्षं चाललं. मग एका श्रावणात मामा तापानं पडले आणि आठवड्याच्या आतच गेले. पहाटे गेले. घरात माणसं जमली, पण ती नुसतीच बसून राहिली, कारण 'खरं आहे' म्हणायला कोणी नव्हतं. आई भावाच्या उशाशी कोरड्या डोळ्यांनी बसून होती. मागे एकदा ती त्याच्यासाठी रडली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो बाजूला केला.

दुपार कलल्यावर दारात बाई उभ्या राहिल्या. पायांना चिखल, लुगड्याचा काठ ओला. चालत आल्या होत्या. आत यायच्या आधी त्या मला म्हणाल्या, "सकाळी टपालवाल्यानं सांगितलं. पण मागच्या वेळी मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला होता. म्हणून स्वतः आले."

माणसांनी वाट दिली. बाई मामांजवळ बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग आईकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "खरं आहे."

तेव्हा कुठे आई रडू लागली.